राधाकिशनच्या नावाचं पान

हैद्राबाद
ता. १८ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. दैवशालावहिनीस,
धाकट्या नागेशचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. अंगणवाडीच्या पत्त्यावर लिहायचं ठरवलं ते बरं झालं. घरच्या फोनवर बोलायचं म्हणजे पंचायतच. बाबाला मोतीबिंदूमुळं बटन दिसत न्हाई, म्हणून स्पीकर कायम चालू, आणि आपलं बोलणं आपल्या आधी पारावर पोचतंय. माझं अक्षर सांभाळून घ्या, सातवीतून पळालेला माणूस हाय.

तुमी इचारलं की ह्या नौकरीवर तरी टिकणार का. सध्या टिकलोय. फरशीचं काम सोडलं, बिर्याणीचं हाटेल सोडलं, आई म्हणायची तसं माझ्या पायाला भिंगरी हाय. पण इथं थंडगार एसी हाय, काचेची बिल्डिंग हाय, आणि पोछा मारला की फरशीत आपलं तोंड दिसतंय. काम हाउसकीपिंगचं. कप धुवायचे, कुणी चहा सांडला की पळायचं.

आता गंमत ऐका. आकाशकंदील लावायलो तोवर भुताचं सामान येऊन पडलं. हॅलोविन म्हणतात. बाहेरदेशातला सण हाय, मेलेल्या लोकांचा. महिनाअखेरीला सगळे साहेब-मॅडम भूत होऊन कामावर येणार आणि तसेच कंप्युटरवर बसणार. वर्षभर आमी जाळे झाडले, आता एचआरच्या मॅडम म्हणायल्यात की कापसाचे जाळे कोपऱ्याकोपऱ्यात लावा. आणि ह्या वर्षी हाउसकीपिंगवाल्यांनी बी भूत व्हायचंय, चांगल्या भुताला बक्षीस हाय. माझ्या खोलीवरचा सिद्धोधन, आपल्या पेडगावचा, तिथंच गेटवर सेक्युरिटीत हाय, तो म्हणाला की तुला काही करायची गरज न्हाई, नुसतं तोंड न धुता ये. तू काय होणार म्हणलं तर म्हणाला, आमच्या आज्यानं छप्पन सालीच भुतंखेतं सोडली, मला त्या भानगडीत वढू नको.

आता खरं बोलतो. बाबाचा फोन आला होता. भादव्याच्या पितरपाटात गावाला पाण्याचा वेढा होता म्हणून राहिलं, ते आता कार्तिकी आवसेला करायचं, दादाच्या नावानं पितर जेवू घालायचं ठरलंय म्हणले. दादा रोज स्वप्नात येतो म्हणले, शेतातल्या आखाड्याच्या दारात वला होऊन उभा राहतो आणि खायला मागतो. हे सगळं स्पीकरवर. पारावर कुणीतरी खाकरलेलं मला इकडं ऐकू आलं.

एकदा पितर जेवलं की दादा मेलाच म्हणायचा, आणि तुमच्या गळ्यातलं उतरणार, हे मला कळतंय. तुमी सांगाल तसं मी बाबाशी बोलतो. भांडायला लावलं तर भांडतो. पण वहिनी, दादा कुठं हाय हे मला बी माहीत न्हाई.

तब्येतीला जपा. आहे ती माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा
नागेश


ताडकळस
ता. २५ ऑक्टोबर २०२५

चि. नागेशभाऊजीस,
दैवशालाचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे ठीक, तुमी जपून राहावं.

दिवाळी झाली. सोयाबीन गेलं, पण करंज्या केल्या. मामांनी धनतेरसीला दक्षिणेकडं तोंड करून यमाचा दिवा लावला, आणि राधाकिशनच्या नावाचा एक शेजारी. मी त्यांचा डोळा चुकवून तो दुसरा दिवा दाराकडं फिरवला. येणाऱ्याला दिसावा म्हणून.

तुमी तुमच्या बाबाशी भांडू नका. मामा वाईट न्हाईत. ते म्हणायलेत की लेकरू भुकेलं भटकायलंय, बापानं कुठवर बघायचं. बारा वर्षं वाट बघायची रीत हाय असं मी म्हणलं तर म्हणले, बारा वर्षं मी कुठं जगतोय.

पण भाऊजी, तो मेला असं कुणी बघितलंय? पाच वर्षं झाली, ऊसतोडीच्या टोळीतले लोक एवढंच सांगतात की पाचटाच्या कोपीतून उठला, बिडी आणतो म्हणाला आणि नदीच्या अंगाला गेला. अंग सापडलं न्हाई, चप्पल सापडली न्हाई. मामाच्या स्वप्नात रोज येतो, माझ्या एकदा बी आला न्हाई. मेलेलं माणूस आगोदर बायकोच्या स्वप्नात येतंय. म्हणून मी म्हणते की तो जिता हाय. मला विधवा कुणी करायचं असंल तर त्यानं करावं, कढी-वड्यानं न्हाई.

पितर म्हणून बसायला मामांनी आळीतल्या आदिनाथला सांगितलंय, राधाकिशनच्याच वयाचा म्हणून. बिचारा माझ्याकडं बघायचा बंद झालाय.

तुमच्या भुताच्या सणाचं वाचून हसू आलं. चादरीला भोकं पाडून कुणी भूत होतंय का? आपल्याकडं मेलेला माणूस असा वरडत येत न्हाई. धुतलेले कपडे घालून येतो, कुणाच्या तरी अंगानं पाटावर बसतो. त्या वेळेपुरतं त्याला मेलेल्याच्या नावानं हाक मारायची. तो गुमान जेवतो, पोट भरलं म्हणतो, आणि मागं न बघता निघून जातो. त्याला भ्यायचं न्हाई, वाढायचं. तुमच्या मॅडमला सांगा.

लोभ आटू देऊ नये.

तुमची वहिनी
दैवशाला


हैद्राबाद
ता. १ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
नागेशचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एकट्यानं वाचा. आगोदर मला शिव्या द्या, मग पुढं वाचा.

तुमी लिहिलेलं डोक्यात बसलं होतं. मला वाटलं, सगळे चादरी पांघरून येतील, आपण खरं करून दाखवू. घरून निघताना खुंटीवरचा दादाचा चौकड्याचा शर्ट मी न इचारता आणला होता. तो काल घातला. दादासारखा मधी भांग पाडला, तेल चोपडलं. रिसेप्शनवरच्या पोरीकडून काजळ घेऊन तशा मिशा काढल्या. प्यान्ट्रीच्या काचेत बघितलं आणि माझ्याच हातातला कप खाली पडला. दादा उभा होता, वहिनी. मी हसलो तर तो बी हसला, पण माझ्यानंतर हसला असं वाटलं.

मग कोपऱ्यात खोक्याचा पुठ्ठा टाकून मांडी घातली, पुढं कागदाची प्लेट ठेवली आणि गुमान बसलो. बाहेर दुपार होती, पण पडदे पाडून सगळा मजला हिरवाकाळा केला होता. तोंडाला रगत लावलेल्या मॅडम कॉफी घ्यायला यायच्या, मला इचारायच्या की तू काय झालास. मी म्हणायचो, पितर. एचआरच्या मॅडम म्हणल्या की तू तर ड्रेसच केला न्हाई, पुढच्या वर्षी जरा मेहनत कर. फोटो काढला आणि गेल्या.

तेवढ्यात सामानाच्या लिफ्टनं पाण्याचे जार आले. जार आणणारा भुजंग, आपल्या पालमचा, ह्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगला यायला लागलेला. दोन खांद्यांवर दोन जार घेऊन आत आला, मला बघितलं आणि जागीच उभा राहिला. मला म्हणाला:

“राजू, तू वर कसा आलास? आत्ता तर तुला खाली टेम्पोत बसवून आलो.”

मी राजू न्हाई. मला कुणी राजू म्हणत न्हाई. पण मी तर दादाचं तोंड लावून बसलो होतो. मी तसाच जिन्यानं पळालो, लिफ्टची वाट बघितली न्हाई.

खाली तळघरात बी हिरवे लाईट होते, छताला प्लास्टिकची हाडकं टांगलेली. कोपऱ्यात पाण्याचा टेम्पो उभा. ड्रायव्हरच्या जागी एक माणूस बिडी वढत बसलेला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. पण बिडी चिमटीत धरून तळहाताच्या आड लपवायची ती बाबाच्या भ्यानं लागलेली सवय एकाच माणसाला हाय.

त्यानं मान वर केली. त्याचाच शर्ट घालून, त्याचाच भांग पाडून, त्याच्याच मिशा लावून कुणीतरी हाडकांखालून चालत यायलंय एवढं त्यानं बघितलं. वहिनी, मी आजवर लय लोकांला भेलेलं बघितलं, पण स्वतःला भेलेला माणूस पहिल्यांदा बघितला. बिडी मांडीवर पडली तरी कळली न्हाई. टेम्पो चालू केला, भुजंगला आणि रिकाम्या जारला तसंच टाकून, गेटचा दांडा तोडून गेला. गेटवर सिद्धोधन होता. त्यानं बी तोंड बघितलं, आणि मग मला बघितलं, आणि खुर्चीत बसला.

दादा जिता हाय. तुमचंच खरं झालं. मी त्याला धुंडतो, मग लिहितो. बाबाला काही बोलू नका.

तुमचा
नागेश


हैद्राबाद
ता. ५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. वहिनीस,
नागेशचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट न बघता दुसरं लिहायलो. हे लिहू का नको ह्याच्यात लय कागद फाडले.

भुजंगला सगळं सांगितलं. त्याला ह्यातलं काहीच ठावं नव्हतं, त्याच्या लेखी तो राजूच. तो मला आणि सिद्धोधनला पटानचेरूच्या कारखान्यांच्या मागं घेऊन गेला. तिथं पत्र्याच्या खोल्या हायत. एका दारात एक बाई उभी होती, कडेवर तीनेक वर्षांची लेक. बाईनं आत बघून तेलुगूत राजू म्हणून हाक मारली, आणि दादा बाहेर आला.

मला बघून त्यानं आगोदर माझ्या मिशीकडं बघितलं. मी धुतली होती. मग माझा हात धरला. मी बी त्याचा धरला, वहिनी, खोटं कशाला बोलू, गरम हाय का ते बघायलाच धरला. गरम होता.

आमी लारीच्या आडोशाला बसलो. भांडण न्हाई, तंटा न्हाई, कुणी मारलं न्हाई, कुणी नेलं न्हाई. बिडी आणायलाच गेला होता. नदीपलीकडं एक ट्रक उभा होता, त्यात चढला. दोन दिवसांनी परत जाऊ म्हणाला, मग आठ दिवसांनी जाऊ म्हणाला. मग आपल्याकडचं कुणीतरी भेटलं, त्यानं ह्याला वळखलं न्हाई आणि ह्याच्याच पुढं सांगितलं की ताडकळसचा राधाकिशन मेला. दादा म्हणाला, त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली. मी लय बोललो, तुमचं नाव घेतलं, बाबाचं स्वप्न सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला:

“मेलेल्या माणसाला कुणी काही मागत न्हाई, नाग्या. मला मेलेलाच राहू दे. जेवू घाला आणि मोकळे व्हा.”

उठताना त्यानं बैल विकले का ते इचारलं. तुमच्याबद्दल इचारलं न्हाई. हे लिहायला नको होतं, पण तुमाला अर्धं सांगितलेलं चालत न्हाई.

माझ्या पायाची भिंगरी मला आजवर गंमत वाटायची. त्या दिवसापासून भ्या वाटायलंय.

काय करू ते कळवा. तुमी म्हणाल तर धरून आणतो.

तुमचा
नागेश


ताडकळस
ता. १० नोव्हेंबर २०२५

चि. नागेशभाऊजीस,
दैवशालाचे आशीर्वाद.

दोन्ही पत्रं एकदम मिळाली. अंगणवाडीत लेकरांचा खाऊ शिजत होता. तांदळाच्या पोत्यामागं बसून वाचली. खिचडी खाली लागली, एवढंच नुकसान.

शर्टाबद्दल शिव्या देणार होते, त्या आता ऱ्हाऊ द्या.

धरून आणू नका. धरून आणलेला माणूस मला काय करायचाय? पण त्याला निरोप द्या, जसा लिहिते तसाच द्या. मेलेला राहायचं असंल तर खुशाल राहा, पण ते नीट कर. बिडीला जातो म्हणून मरता येत न्हाई. आवसेला आदिनाथच्या जागी त्यानं स्वतः येऊन बसावं. धुतलेले कपडे घालावे, गुमान जेवावं, बापानं इचारलं की पोट भरलं म्हणावं, आणि मागं न बघता जावं. राधाकिशनचं पितर राधाकिशननं जेवावं. मग मी गळ्यातलं काढीन, आणि त्याला कुणी काही मागणार न्हाई. न्हाई आला तर मी मामाला घेऊन त्या पत्र्याच्या दारात येऊन बसेन, हे बी सांगा.

वळखण्याची फिकीर नको. पान गावात न्हाई, आखाड्यावर मांडणार. लोक कापूस वेचायला गेलेले असतील. मामाला माणूस दिसतो, तोंड दिसत न्हाई. आदिनाथला मी सांगितलं, त्या दिवशी तुझं पोट दुखणार हाय. तो इतका खूश झाला की आत्ताच दुखायला लागलं म्हणाला.

माझी काळजी करू नये.

तुमची वहिनी
दैवशाला


ताडकळस
ता. २१ नोव्हेंबर २०२५

चि. नागेशभाऊजीस,
दैवशालाचे आशीर्वाद.

तुमाला सुट्टी मिळाली न्हाई ते एका अर्थी बरं. तुमचा फोन आला की हैद्राबादेहून दादाच्या वयाचा एक माणूस गाडीत बसवून दिलाय, तो पितर बसेल. मामांनी ते स्पीकरवर साऱ्या आळीला ऐकवलं. लोक म्हणले, नागेश सुधारला.

तो कॅनॉलच्या वाटेनं आला. तोंडाला दस्ती बांधलेली. बाभळीखाली थांबला, आखाड्याकडं बघत बसला. मी हाक मारली न्हाई. हाक मारायचा मान मामाचा. मामा बाजेवरून उठले आणि त्याच्या अंदाजानं तोंड करून म्हणले, ये राधाकिशन. रीतच हाय ती. पण त्या माणसाचा पाय वाटेतच अडकला.

मामांनी त्याचे पाय धुतले. मी चुलीकडं वडे तळत होते, दोघंच बाहेर बसले होते. तांब्याचं पाणी कधीच संपलं होतं, तरी मामा पाय धरून बसले होते. बोलत होते का न्हाई ते तेलाच्या आवाजात मला कळलं न्हाई.

मी वाढलं. भात, कढी, वडे, गवारीची भाजी, खीर. त्यानं दस्ती सोडली. वर बघितलं न्हाई. मी त्याच्या बोटांकडं बघत होते. भाऊजी, मी इतके दिवस जिता म्हणून ज्याच्यासाठी भांडले तो पुढं बसून जेवत होता, आणि मला वाटत होतं की ह्या पाटावर कुणी न्हाई. आदिनाथ बसला असता तर मला राधाकिशन दिसला असता. हा बसला तर आदिनाथ बी दिसेना.

त्यानं कढीसाठी वाटी पुढं केली. मी सांगितलं की पितराला एकदाच वाढतात. तशी रीत न्हाई, तुमाला बी माहीत हाय. मीच काढली.

मामांनी इचारलं, पोट भरलं का राधाकिशन. त्यानं ताटातच हात धुतला. मग भरलं म्हणाला. उठला आणि कॅनॉलकडं गेला. मागं बघितलं का न्हाई ते सांगता येत न्हाई, मी पाठ करून त्याचं ताट उचलत होते. मग विहिरीवर गेले, मंगळसूत्र काढलं, पदरात बांधलं. कुणी बांगड्या फोडल्या न्हाईत. माझ्या मीच काढल्या, शाबूत हायत.

रात्री मामाला शांत झोप लागली. सकाळी म्हणले, आला न्हाई स्वप्नात.

तुमी पोटभर जेवत जा. आशीर्वाद हायतच.

तुमची वहिनी
दैवशाला


हैद्राबाद
ता. २ डिसेंबर २०२५

ती. वहिनीस,
नागेशचा शि. सा. न. वि. वि.

वर सौ. लिहायला हात गेला आणि मागं आला. दुसरं काही लिहवलं न्हाई. तसंच मोकळं सोडलंय, राग धरू नका.

वहिनी, तो इकडं आलाच न्हाई.

मला वाटलं, दोन दिवसांनी येईल. भुजंग म्हणाला कामावर न्हाई. मी परतीचं तिकीट त्याच्या खिशात घालून दिलं होतं. सिद्धोधननं त्याच्या ओळखीच्या माणसाला पूर्णा टेशनवर इचारायला लावलं. तिथं अशा माणसाला कुणी बघितलं न्हाई. ताडकळसच्या स्टँडवर बी न्हाई. कॅनॉलच्या वाटेनं तो तुमच्याकडून गेला आणि मग कुठंच पोचला न्हाई.

तुमी दुसऱ्यांदा वाढलं न्हाई म्हणून असं काही मनात आणू नका. तो बिडीला गेला तसाच गेला असंल. मी तरी तसंच म्हणतो. पण इथं हॅलोविनचे जाळे अजून काढले न्हाईत, मीच काढायचे हायत, आणि माझ्यानं त्या कोपऱ्यात जावत न्हाई.

काल दुपारी ती बाई लेकीला घेऊन गेटवर आली. बालम्मा नाव हाय तिचं. भुजंगनं दुभाषाचं काम केलं. ती म्हणाली, गावाकडं जेवणाचं बोलावणं हाय, जेवून येतो, असं सांगून गेला. तिला त्याचं खरं नाव बी ठावं न्हाई. तुमच्याकडं जेवला का, इचारत होती. जेवला म्हणलं. मग परत का आला न्हाई म्हणली, तर चार दिवसांनी सांगतो म्हणून धाडून दिली. ती कुंकू लावून होती. लेक माझ्याकडं हात करून यायला बघत होती, बाप समजून.

मी ही नौकरी सोडणार होतो. आता सोडता येत न्हाई. ती परत आली तर गेटवर कुणीतरी पाहिजे. काय सांगू ते कळवा.

तुमचा
नागेश


ताडकळस
ता. ८ डिसेंबर २०२५

चि. नागेशभाऊजीस,
दैवशालाचे अनेक आशीर्वाद. नौकरी सोडली न्हाई ते चांगलं केलं.

बालम्माला खोटं सांगू नका, आणि एकट्यानं खरं बी सांगू नका, तुमाला जमणार न्हाई. मी मामाला म्हणलं की हैद्राबादेहून एक बाई पाहुणी येणार हाय. कोण, कशाला, काही इचारलं न्हाई. लेकरू चालतंय का अजून कडेवर हाय, एवढंच इचारलं. लेकराचं मी एक अक्षर बोलले नव्हते, भाऊजी. मी बी पुढं काही इचारलं न्हाई. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरचा पाळणा खाली काढायला लावला. तीन वर्षांची लेक पाळण्यात मावत न्हाई असं मी सांगितलं, तरी पुसत बसलेत.

तिला आणि लेकीला पूर्णेच्या गाडीत बसवून द्या, भुजंगला संग धाडा, बोलणं कळायला पाहिजे. मी टेशनावर उभी राहते. कपाळ मोकळं असलेली बाई मीच, म्हणून सांगा. तिचं कुंकू तसंच असू द्या, पुसायला लावू नका.

तिला एवढाच निरोप द्या की ताडकळसला तुझ्यासारखीच एक जण हाय, ती बोलावते. दोघी एका पाटावर बसून ठरवू, तो मेला का न्हाई ते.

आमच्यावरचा जीव असाच असू द्यावा.

तुमची वहिनी
दैवशाला